हेअर ट्रान्सप्लांट करायचंय, पण कुणाच्या हातून?

सह्यकडा

नमस्कार मंडळी,

परवा रात्री धाकट्या मावसभावाचा फोन आला. आनंद नुसता ओसंडून वाहत होता. "दादा, पंचवीस हजार टोकन भरलं. पुढच्या शनिवारी हेअर ट्रान्सप्लांट!" मी विचारलं, डॉक्टर कोण आहेत? "नाव नाही आठवत. पण क्लिनिक मोठं आहे, शाखा पण खूप आहेत." ऐकून पोटात गोळाच आला. २०१८ साली मला कुणी विचारलं असतं तर मीही नेमकं हेच सांगितलं असतं.

तेव्हा मी २७ वर्षांचा होतो. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकलेले, फोटो काढताना मान खाली घालायचं टाळायचो. जाहिरात बघून एका क्लिनिकमध्ये गेलो. पांढरा कोट घातलेल्या बाईंनी तासभर टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले. मी त्यांना डॉक्टर समजत होतो. त्या कौन्सेलर होत्या, त्यांचं काम बुकिंग मिळवण्याचं होतं, हे फार नंतर कळलं. माझ्या डोक्याला हातही न लावता त्यांनी सांगितलं, साडेतीन हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके, लागतील, आणि आजच बुक केलंत तर वीस टक्के सूट. मी तिथल्या तिथे कार्ड काढलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी एक डॉक्टर आले. मार्करने कपाळावर रेघ ओढली, भुलीची इंजेक्शनं दिली आणि गेले. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं, सगळं मिळून पंधरा मिनिटं. पुढचे आठ तास तीन टेक्निशियन माझ्या डोक्यावर काम करत होते. मी पालथा पडलेलो, डोक्यामागे मोटरची घरघर, आणि एक मुलगा दुसऱ्याला शिकवतोय, "अँगल बघ, तुटतंय." तुटत होतं ते माझ्या केसाचं मूळ.

वर्षभराने पुढचे केस उगवले ते सरळ उभे, भाताच्या रोपासारखे ओळीत. मागची बाजू कसर लागलेल्या शालीसारखी झाली. एकदा सलूनवाल्या काकांनी मशीन मध्येच थांबवलं, हातातला छोटा आरसा मागे धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मागे एक नंबर नको मारायला. ठिपके दिसतात." माझं डोकं मागून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

२०२२ मध्ये दुरुस्तीसाठी एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी पाऊण तास घेतला. मागचे केस भिंगाच्या यंत्राखाली तपासले, वडिलांचं आणि मामांचं टक्कल कसं आहे ते विचारलं, आणि लगेच शस्त्रक्रिया करायला नकार दिला. "आधी एक वर्ष औषध घ्या, गळती थांबू दे." वर्षानंतर त्यांनी फक्त नऊशे ग्राफ्ट घेतले, तेही स्वतःच्या हाताने. पुढचे उभे राहिलेले काही काढून वेगळ्या कोनात पुन्हा बसवले. आज मी चारचौघांत नीट दिसतो. पण मागचं नुकसान तसंच आहे, ते कुणीच भरून देऊ शकत नाही.

मला भावाला आणि इथल्या सगळ्यांना एवढंच सांगायचंय की मागचे केस हे मुद्दल आहे. एका डोक्यातून आयुष्यभरात साधारण चार ते सहा हजार ग्राफ्ट निघतात, तेही मागे दाटी चांगली असेल तर. काढलेल्या जागी पुन्हा केस येत नाही. म्हणून क्लिनिकच्या नावाकडे बघू नका. पंच, म्हणजे मागून ग्राफ्ट काढायचं बारीक गोल पातं, कोण मारणार, पुढे ते बसवायला खाचा कोण पाडणार, त्या माणसाचं नाव विचारा. ते नाव मिळत नसेल तर उठून या.

ज्यांनी केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा. शनिवारच्या आत मला भावाला हा धागा दाखवायचाय.

मैत्रेयी_ठाणे

धागा काढलात ते फार बरं केलंत. माझ्या नवऱ्याचं झालंय दोन वर्षांपूर्वी, आमचा अनुभव चांगला आहे. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

पाऊसवाट

वाचून वाईट वाटलं. एक विचारू का? सगळं डॉक्टरनेच करायला हवं असतं का? मी एका ठिकाणी विचारलं तर ते म्हणाले, जगभर टेक्निशियनच करतात. खरं काय?

अनघा_त्वचा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, चौदा वर्षं प्रॅक्टिस करते. ट्रान्सप्लांट मी स्वतः करत नाही, त्यामुळे कुणाची शिफारसही करणार नाही. पण बिघडलेली डोकी माझ्याकडे येतात, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

पाऊसवाट, तुम्हाला मिळालेलं उत्तर अर्धं खरं आहे. यात तीन टप्पे असतात. मागून ग्राफ्ट काढणं, पुढे बारीक खाचा पाडणं आणि त्या खाचांत ग्राफ्ट बसवणं. काढलेले ग्राफ्ट निवडणं, मोजणं, थंड द्रावणात ठेवणं आणि बसवणं ही कामं तरबेज सहायक करतात. ते सगळीकडे चालतं आणि त्यात गैर काही नाही. पण पंच मारून ग्राफ्ट काढणं म्हणजे त्वचा कापणं. पंचाचा व्यास साधारण ०.८ ते १ मिलिमीटर. कातडीखाली मूळ कुठल्या दिशेला वळलंय याचा अंदाज हाताला लागतो, तो चुकला की मूळ कापलं जातं. आणि खाचांचा कोन, दिशा, दाटी यावरच केस नैसर्गिक दिसणार की रोपं लावल्यासारखे, हे ठरतं. ही दोन्ही कामं सर्जनची आहेत.

नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्यांचं शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण झालंय अशा नोंदणीकृत डॉक्टरांनीच हे करावं, म्हणजे प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, किंवा त्वचारोगात एमडी किंवा डीएनबी. नुसती कार्यशाळा बघून किंवा यूट्यूबवर पाहून सुरुवात करता येणार नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. सहायक ठेवता येतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि जबाबदारी डॉक्टरची. म्हणून पहिलं काम म्हणजे डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या किंवा कमिशनच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नोंदणी आहे का आणि पदवी कोणती, दोन्ही बघा. पाटीवर "हेअर एक्स्पर्ट" किंवा "ट्रायकॉलॉजिस्ट" लिहिलं म्हणजे शस्त्रक्रिया येते असं नाही.

पदवी आहे म्हणजे हात चांगला आहे असंही नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. आमच्या एमडीत ट्रान्सप्लांटचा सराव प्रत्येक कॉलेजात सारखा मिळत नाही. म्हणून पदवीनंतर हे कुणाच्या हाताखाली शिकलात, किती वर्षं करताय, महिन्याला किती करता, हे खुशाल विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आता जिवाच्या धोक्याबद्दल. लोकांना वाटतं, केसांचंच तर आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्या पेपरांत होत्या. भुलीच्या औषधाला मर्यादा असते. लिग्नोकेन या भुलीच्या औषधात अॅड्रेनलिन मिसळलेलं असेल तर नेहमीच्या मापात दर किलो वजनामागे साधारण ७ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे २१ मिली. मोठी बैठक, वारंवार इंजेक्शनं, आणि हिशोब ठेवणारा डॉक्टर खोलीत नाही, अशा वेळी ही मर्यादा ओलांडली जाते. मग झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तुमचं वजन, रक्तदाब, अॅलर्जी, चालू औषधं कुणी विचारलीच नाहीत तर तिथे झोपू नका. रक्तगट, साखर, काविळीच्या व एचआयव्हीच्या तपासण्या, ईसीजी हे आधी व्हायला हवं. ऑक्सिजन आणि आणीबाणीची औषधं कुठे ठेवलीत ते डोळ्यांनी बघा.

आणखी एक. प्रत्येक टकलावर हा इलाज नसतो. चाई, म्हणजे गोल चकत्यांत केस जाणं, वेगळी, थायरॉइड किंवा लोह कमी झाल्याने होणारी गळती वेगळी. काही आजारांत केसांची मुळं जळून व्रण पडतात. तो आजार जागा असताना ट्रान्सप्लांट केलं तर लावलेलेही जातात. काही जणांचे मागचे केससुद्धा पातळ होत असतात, त्यांच्या बाबतीत तर मुद्दलच कच्चं. भिंगाखाली न बघता ग्राफ्टचा आकडा सांगणारा माणूस हे कशावरून ठरवतो?

कृष्णाकाठ

अनघाताई, सह्यकडा दादा, मी सांगलीचा, वय २३. वरून बऱ्यापैकी गेलेत. घरात माझ्या लग्नाचा विषय अजून नाही, पण माझ्या डोक्यात दिवसभर हेच असतं. टोपीशिवाय कॉलेजला गेलो नाही दोन वर्षं. एका क्लिनिकने सांगितलं, लहान वयात केलं तर रिझल्ट उत्तम येतो. वडिलांना पूर्ण टक्कल आहे. करू का?

सह्यकडा

कृष्णाकाठ, तुझं दुःख मला कळतं रे. मी पण त्यातून गेलोय. पण आत्ता नको. तुझ्या वडिलांना पूर्ण टक्कल आहे म्हणजे तुझी गळती अजून बरीच पुढे जाऊ शकते. आज पुढे दाट रेघ बसवली आणि पस्तिशीत तिच्या मागचं सगळं गेलं, तर पुढे केसांचं बेट आणि मागे मोकळं रान. ते भरायला तेव्हा मुद्दल शिल्लक नसेल.

माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी पन्नाशीतला माझा चेहरा कसा दिसेल ते कागदावर काढून दाखवलं होतं. म्हणाले, "रेघ खाली आणणं सोपं आहे, पण पन्नाशीतल्या माणसाला विशीतली रेघ शोभत नाही." तुला जो डॉक्टर आत्ता "थांब" म्हणेल त्याच्याकडे पाच वर्षांनी जा.

अनघा_त्वचा

कृष्णाकाठ, दादाचं ऐक. आधी जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. मिनॉक्सिडिल, आणि योग्य वाटलं तर फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम, याने तुझ्या वयात गळती रोखण्याची शक्यता चांगली असते. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते, घाबरून सोडू नकोस. फिनास्टेराइडचे लैंगिक दुष्परिणाम काहींना होतात, मनःस्थितीवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून ते मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही. फरक दिसायला सहा महिने ते वर्ष द्यायचं. औषध सोडलं की गळती परत सुरू होते, हेही आधीच माहीत असू दे.

आणि ट्रान्सप्लांट केलं तरी औषध सुटत नाही. लावलेले केस टिकतात, पण आजूबाजूचे मूळचे जातच राहतात. हे जो सांगत नाही तो अर्धीच गोष्ट सांगतोय.

टोपीचं वाचून जीव हलला. कुणाशी तरी बोल, घरात किंवा मित्राशी. हवं तर मला व्यक्तिगत निरोप पाठव.

देशमुख_काका

मंडळी, मी ६४ वर्षांचा, तिसाव्या वर्षापासून टक्कल. आमच्या काळी कुणी याचा एवढा विचार केला नाही. एवढे पैसे आणि जोखीम कशासाठी, असा मनापासून प्रश्न पडतो. कुणाला कमी लेखण्यासाठी विचारत नाही.

कृष्णाकाठ

काका, तुमच्या काळी मुलीकडचे फोटो मोबाइलवर मोठा करून बघत नव्हते. माझ्या थोरल्या भावाला दोन स्थळांनी केसांवरून नकार दिला. आई त्या रात्री जेवली नाही.

देशमुख_काका

बाळा, हे मला ठाऊक नव्हतं. माझा प्रश्न मागे घेतो. जे करशील ते नीट चौकशी करून कर.

राइनकाठी

मी जर्मनीत असतो. इकडे ऑफिसातले अर्धे लोक इस्तंबूलला जाऊन आलेत. विमानतळावरून गाडी, हॉटेल, शस्त्रक्रिया, सगळं एका पॅकेजमध्ये. मीही जवळपास ठरवलं होतं. ईमेलवर एकच प्रश्न विचारला, पंच डॉक्टर मारणार की टेक्निशियन? तीन वेळा विचारूनही उत्तर एकच, "आमची अनुभवी टीम". सोडून दिलं. तिथे उत्तम सर्जनही आहेत, पण ते दिवसाला एक-दोनच पेशंट घेतात आणि त्यांचा दर पॅकेजवाल्यांसारखा नसतो.

केस पुनर्रोपण करणाऱ्या सर्जन लोकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयएसएचआरएस. त्यांनी अशा बेकायदा कारखान्यांविरुद्ध मोहीमच चालवलीय. त्यांच्या यादीत देशवार सदस्य शोधता येतात. नुसतं सदस्यत्व म्हणजे हाताची हमी नाही, पण शोध सुरू करायला बरं पडतं. भारतातही अशा सर्जन लोकांची एएचआरएस ही संस्था आहे.

मी आता दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात दोघांना भेटणार आहे. अडचण एकच, दहा-बारा दिवसांनी परत आल्यावर पुढची तपासणी कोण करणार?

मैत्रेयी_ठाणे

राइनकाठी, आमच्या डॉक्टरांनी पहिले दहा दिवस स्वतः बघितलं आणि नंतर तीन, सहा, बारा महिन्यांनी फोटो मागवले. हे आधी ठरवून घ्या.

आता आमचा अनुभव. आम्ही चार ठिकाणी गेलो. दोन ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत, "पैसे भरल्यावर भेटतील" म्हणाले. तिसरीकडे डॉक्टर होते, पण त्या दिवशी त्यांच्याकडे पाच शस्त्रक्रिया चालू होत्या, खोल्या खोल्यांतून पळत होते. चौथ्या बाई होत्या, दिवसाला एकच पेशंट. मी त्यांना वर्षभरापूर्वीचे पेशंट दाखवायला सांगितलं. त्यांनी दोघांना विचारून त्यांचे फोन दिले. एका गृहस्थांनी तर व्हिडिओ कॉलवर केस ओले करून मागे विंचरून दाखवले, मग पाठ फिरवून मागची बाजूही. फोटोत उजेड आणि भांग बदलून काहीही दाखवता येतं. ओले केस मात्र काही लपवत नाहीत.

पैशांचं सांगते, कारण इथेच फसवतात. एका ठिकाणी दर ग्राफ्टवर होता, दुसरीकडे केसावर. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. "चार हजार केस" म्हणजे दोन हजारांच्या आसपासच ग्राफ्ट. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, कशाचा आकडा ते लिहून घ्या. यावर १८ टक्के जीएसटी आहे आणि विमा मिळत नाही. "बिल नको तर कमी करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर हातात तेच बिल लागतं. संमतीपत्रावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक असल्याशिवाय मी सही करू दिली नाही.

नंतरचं कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. तिसऱ्या दिवशी ह्यांचं कपाळ सुजलं, डोळे अर्धे मिटले, सासूबाई घाबरून गेल्या. आठवडाभर उशा रचून अर्धवट बसून झोप. दर काही तासांनी सलाइनचा फवारा. तीन आठवडे हेल्मेट नाही, म्हणजे दुचाकीही नाही. महिन्याच्या आसपास लावलेले बहुतेक केस गळून पडले. उशीवर बघून हे रडवेले झाले. पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मुळं आत आहेत, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येतील. तसंच झालं. पूर्ण रूप वर्षाने आलं.

पाऊसवाट

मैत्रेयीताई, डोळे उघडले. मला एकाने सफायर, डीएचआय, बायो अशी तीन पॅकेजेस दिलीत, दर चढते. कोणतं चांगलं?

अनघा_त्वचा

सफायर म्हणजे खाच पाडायच्या पात्याचा प्रकार. डीएचआयमध्ये पेनसारख्या उपकरणाने ग्राफ्ट बसवतात. बायो म्हणजे बहुधा सोबत पीआरपी, तुमच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग. काढण्याची पद्धत तिन्हीत एफयूईच असते, म्हणजे पंचाने एकेक ग्राफ्ट काढणं. जुनी एफयूटी पद्धतही आहे, तीत मागून कातडीची पट्टी काढून टाके घालतात. रेघेसारखा व्रण राहतो, पण काही जणांना तीच सोयीची पडते. पात्यापेक्षा ते धरणारा हात बघा.

सह्यकडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

गुरुवारी भावाने क्लिनिकला फोन करून डॉक्टरचं नाव विचारलं. उत्तर आलं, "त्या दिवशी जे उपलब्ध असतील ते." त्याने नोंदणी क्रमांक मागितला तर फोन दुसऱ्याकडे दिला, मग तिसऱ्याकडे, मग कट. त्याने शनिवार रद्द केला. टोकन परत मिळणार नाही म्हणतात. लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

आज सकाळी त्याला घेऊन माझ्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मैत्रेयीताई, तुमचे प्रश्न त्याने वहीत उतरवून नेले होते. एकही विचारायची गरज पडली नाही, कारण आधी त्यांनीच अर्धा तास प्रश्न विचारले. वजन केलं, रक्तदाब घेतला, मागचा एक चौरस सेंटिमीटर भिंगाखाली धरून ग्राफ्ट मोजले. मग म्हणाले, "आजोबांचा फोटो आहे का?" मावशीला फोन लावला. तिने लग्नाच्या अल्बममधला फोटो काढून पाठवला, फेटा बांधलेले आजोबा. डॉक्टर हसले, "फेट्याशिवायचा नाही का?" मग दुसरा आला, अंगणात बसलेले, डोकं उघडं. तो त्यांनी बराच वेळ मोठा करून बघितला.

सहा महिने औषध, नंतर पुन्हा भिंगाखाली बघायचं, मग ठरवायचं. फी सातशे रुपये. येताना गाडीत भाऊ गप्प होता. घाटात चहाला थांबलो तेव्हा त्याने स्वतःहून टोपी काढून टेबलावर ठेवली.

टोकनचं काय होतं ते इथेच कळवतो.